रुग्णालयातील संगणकीय आरोग्य-चाळणी : वापरसुलभता (नागपूर)

रुग्ण डॉक्टरांपुढे जाण्याआधी किंवा वॉर्डात भरती असताना टॅब्लेट, किऑस्क वा मोबाइलवर ठरावीक प्रश्न विचारून आजाराचा धोका हेरणे, याला संगणकीय आरोग्य-चाळणी म्हणतात. बोलताना सगळे ‘स्क्रीनिंग’च म्हणतात. चाळणी म्हणजे निदान नव्हे. कोणाला पुढच्या तपासणीला पाठवायचे, एवढेच ती सांगते. वापरसुलभतेचे तीन निकष आयएसओ ९२४१-११ या मानकात (१९९८, सुधारित २०१८) दिले आहेत : काम नेमके साधले का, किती श्रमांत साधले आणि वापरणारा समाधानी झाला का. रुग्णालयात यातला पहिला निकष सर्वांत अवघड ठरतो, कारण तिथे काम साधणे म्हणजे फॉर्म पुरा होणे नसून रुग्णाची खरी हकिकत डॉक्टरांपर्यंत पोहोचणे.

संगणकाने रुग्णाची हकिकत विचारण्याचा आद्य प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉर्नर स्लॅक यांनी केला. त्याचा अहवाल १९६६ साली प्रसिद्ध झाला. लिंक नावाच्या संगणकाच्या पडद्यावर प्रश्न उमटे आणि रुग्ण कळ दाबून उत्तर देई. कळा चार होत्या : हो, नाही, माहीत नाही आणि समजले नाही. यातली चौथी कळ पुढच्या बहुतेक प्रणालींतून गळून गेली. प्रश्न समजला नाही असे सांगायची सोय नसली की माणूस बहुधा ‘नाही’ दाबून पुढे सरकतो, आणि ते ‘नाही’ कागदावर निरोगीपणासारखे दिसते. १९९८ मध्ये चार्ल्स टर्नर आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांच्या पाहणीत दाखवले, की हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर उत्तर देताना मुले लैंगिक वर्तन आणि अमली पदार्थ यांविषयी कागदी प्रश्नावलीपेक्षा जास्त कबुली देतात. यंत्रापुढे संकोच कमी होतो, हा या पद्धतीचा खरा फायदा. वेळेची बचत त्यानंतरची.

नागपूरचा रुग्ण

नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (स्थापना १९४७), ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, आणि बाळंतपणाला ‘डागा’. मिहानमधील एम्सचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. या दवाखान्यांत शहरातल्या माणसाइतकाच गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरचा माणूस दिसतो, आणि बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचाही. एकाच रांगेत वऱ्हाडी, झाडीबोली, नागपुरी हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी ऐकू येते. त्यामुळे ‘भाषा निवडा : मराठी, हिंदी, इंग्रजी’ हा पहिलाच पडदा काहींना अडवतो. गोंडी बोलणाऱ्या बाईपुढे गोंडी लिपी ठेवून फारसे साधत नाही, कारण वाचायला ती शिकली असेल तर बहुधा मराठी किंवा हिंदीच. तिला आवाज हवा.

मराठीचेही तसेच. भाषांतरकार ‘होय’ लिहितो. इकडचा माणूस ‘हाव’ म्हणतो. ‘होय’ कळत नाही असे नाही, पण अख्खी प्रश्नावली त्याच ग्रांथिक सुरात असली की सातव्या-आठव्या प्रश्नापर्यंत माणूस कंटाळतो. ‘आपणास श्वसनास त्रास होतो का?’ यापेक्षा ‘चालताना दम लागतो का?’ हे लगेच कळते. ‘चिंताग्रस्त वाटते का?’ याला मान हलत नाही. ‘जीव घाबरतो का?’ याला हलते. कावीळ अनेकांना पिलिया म्हणून ठाऊक असते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांना तर शुगर आणि बीपी हीच नावे उरली आहेत. पाठ्यपुस्तकी शब्दाचा आग्रह इथे निव्वळ हौस आहे.

खर्ऱ्याचा प्रश्न

शब्द चुकला तर काय होते याचे नागपुरी उदाहरण म्हणजे खर्रा. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधून मिळणारा हा पदार्थ विदर्भात पानठेल्या-पानठेल्यावर असतो. मात्र खाणाऱ्याच्या लेखी तो ‘तंबाखू’ असेलच असे नाही. तंबाखू म्हणजे हातावर मळून ओठाखाली धरायची ती. बिडी-सिगारेट वेगळी, गुटखा वेगळा, खर्रा वेगळा. ‘तुम्ही तंबाखू सेवन करता का?’ याला तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. तोंडात तेव्हा खर्रा असू शकतो.

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या व्यक्तींची जोखीम नोंदवणारा सीबीएसी फॉर्म आशा कार्यकर्त्या भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार यांना त्यात गुण आहेत आणि बेरीज ४ च्या वर गेली की व्यक्तीला तपासणीसाठी अग्रक्रम मिळतो. मूळ इंग्रजी प्रश्नात धूरविरहित तंबाखूची उदाहरणे गुटखा आणि खैनी अशी आहेत. विदर्भातल्या आशाताई आपणहून ‘आणि खर्रा?’ असे जोडून विचारू शकतात. टॅब्लेट विचारत नाही. माणसाच्या जागी यंत्र आणताना अशी न लिहिलेली दुरुस्ती हरवते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून इथल्या चाळणीत शब्दाऐवजी चित्रे हवीत : खर्ऱ्याची पुडी, तंबाखूची डबी, बिडीचा कट्टा, नस (तंबाखूची पूड). ‘यातले काय काय घेता?’ असे विचारून बोट लावायला सांगावे. दारूचेही असेच, डब्ल्यूएचओच्या ऑडिट या दहा प्रश्नांच्या मोजणीत ‘एक ड्रिंक’ हे माप गृहीत असते, पण मोहाच्या दारूचे माप ग्लासात किंवा बाटलीत सांगितले जाते.

मोजपट्टी आणि काळ

नैराश्याच्या चाळणीत सर्रास वापरली जाणारी पीएचक्यू-९ (२००१) ही प्रश्नावली नऊ प्रश्नांची असून गुण ० ते २७ असतात. १० किंवा अधिक गुणांवर पुढची तपासणी सुचवतात. तिचे पर्याय असे : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. चौदा दिवसांतले निम्मे मनात मोजणे हे शाळा न शिकलेल्या माणसाला सोपे नाही. एकेक करून विचारले तर जमते : आधी ‘असे झाले का?’, मग ‘रोज की अधूनमधून?’ ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हेही अधांतरी वाटते. आज कोणता वार आहे हे संगणकाला ठाऊकच असते. मागच्याच्या मागच्या सोमवारपासून आजपर्यंत, असे तो स्वतः जुळवून विचारू शकतो. इतकी साधी गोष्ट फार थोड्या ठिकाणी केलेली दिसते.

हात, डोळे आणि ऊन

चाळिशीनंतर जवळचे धूसर होते आणि चष्मा घरी राहिलेला असतो. देवनागरीत मात्रा-वेलांट्या वर आणि उकार खाली येत असल्याने रोमनपेक्षा ओळींत अंतर जास्त लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या पडद्यात मराठी कोंबली की ‘दिवस’ आणि ‘दिवसा’ यांतला फरक दिसेनासा होतो. टचस्क्रीन बोटाच्या विद्युत्-वाहकतेवर चालते. शेतात राबून घट्टे पडलेले कोरडे बोट तिला नेहमीच कळते असे नाही. रुग्ण मग जोरात दाबतो आणि दोनदा नोंद होते. उजव्या हाताला सलाइन असेल तर डाव्या हाताने काम भागावे अशी मांडणी हवी. जन्मतारखेसाठी चाक फिरवायला लावणे हा तर छळच, वय विचारावे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि अनेक टॅब्लेटांचे उत्पादक ३५ अंशांपर्यंतचेच वातावरण योग्य मानतात. व्हरांड्यातला किऑस्क दुपारी बंद पडला तर दोष सॉफ्टवेअरचा नसतो.

सोबतचा माणूस

आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. सून, मुलगा, गावचा पोरगा सोबत असतो आणि टॅब्लेट सहसा त्याच्याच हाती जातो. ‘बाबा, दारू पिता का म्हणून विचारते’ असे त्याने मोठ्याने वाचले, की यंत्रापुढे संकोच कमी होतो हा सगळा सिद्धान्त तिथेच संपतो. पाळी, मारहाण, दारू आणि मरणाचे विचार यांवरचे प्रश्न कानाला लावायच्या रिसीव्हरवर ऐकवून उत्तर रंगाने किंवा आकृतीने घेणे हा चांगला उपाय आहे : ‘हो असेल तर गोल दाबा.’ शेजारी बसलेल्याला काही कळत नाही. सर्वांना एकच हेडफोन घालण्यापेक्षा पुसता येणारा रिसीव्हर संसर्गाच्या दृष्टीनेही बरा.

निकाल

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये चाळणीच्या ज्या दहा कसोट्या मांडल्या, त्यांत आजार सापडलेल्यांसाठी निदान-उपचारांची सोय उपलब्ध असणे ही एक आहे. पडद्यावरही हे पाळावे लागते. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याला ‘हो’ आल्यावर ‘धन्यवाद, फॉर्म पूर्ण झाला’ असा संदेश उमटणे धोक्याचे. त्याच क्षणी ड्यूटीवरच्या सिस्टरला कळले पाहिजे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर छापणे पूरक आहे. तेवढ्याने भागत नाही.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय असल्याने तिथला निकाल विशेष जपून दाखवावा लागतो. विद्राव्यता चाचणी ही रक्ताची प्राथमिक चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली तरी व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून ठरत नाही; त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. लाल अक्षरांतला एक शब्द वाचून सोयरीक मोडण्याची वेळ येऊ शकते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे लक्ष्य ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आहे, तेव्हा निकालाच्या पडद्यावरचे वाक्य ही किरकोळ बाब नाही.

मोजणी

वापरसुलभता मोजायला जॉन ब्रुक यांची दहा विधानांची सिस्टिम युजेबिलिटी स्केल (१९८६) जगभर वापरतात. गुण ० ते १००, सरासरी सुमारे ६८. तिची निम्मी विधाने नकारात्मक आहेत, आणि ‘ही प्रणाली विनाकारण गुंतागुंतीची वाटली’ याच्याशी असहमत होणे अनेक रुग्णांना कोड्यासारखे वाटते. शिवाय इथला रुग्ण दवाखान्यातल्या वस्तूला तोंडावर वाईट म्हणत नाही. विचारले की ‘बरं आहे साहेब’. म्हणून मत विचारण्यापेक्षा बोट पाहावे : कुठे थांबले, कुठे मागे गेले, कुठल्या प्रश्नाला सोबतच्याकडे मान वळली. पाच जणांवर चाचणी घेतली की बहुतेक दोष सापडतात हा वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांचा नियम एकजिनसी गटासाठी आहे. मेडिकलच्या रांगेत तो लावायचा तर दर बोलीचे पाच धरावे लागतील, आणि त्यांत निदान काही जण असे हवेत ज्यांनी टॅब्लेट पूर्वी कधी हातात धरलेला नाही.