सिएटलच्या पगारवाढीत कामाचे तास कुठे गेले?

किमान वेतन वाढवायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मजुरी वाढली की मालक माणसं कमी करणार, यात सिद्ध काय करायचंय?" या वाक्यामागे शाळेत शिकलेला मागणी-पुरवठ्याचा नियम असतो. तो नियम खोटा नाही, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: चालू भावाने मालकाला हवी तेवढी माणसं मिळतात.

तशी ती मिळत नसतील तर? समजा, एका हॉटेलात दहा जण तासाला 10 डॉलरवर काम करतात आणि अकरावा माणूस 11 डॉलरशिवाय यायला तयार नाही. त्याला 11 दिले की जुन्या दहा जणांनाही एकेक डॉलर वाढवून द्यावा लागतो. म्हणजे हा अकरावा माणूस मालकाला तासाला 21 डॉलरना पडतो, म्हणून मालक त्याला घेतच नाही. आता कायद्यानेच किमान दर 11 डॉलर केला, तर जुन्या दहा जणांचा वाढीव खर्च तसाही होणारच. अकराव्यासाठी वेगळे मोजायचे ते फक्त 11. मग तो कामावर लागू शकतो! ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी हा विचार 1933 मध्येच मांडला होता. अर्थात दर फारच वर नेला, तर इथेही माणसं कमी होणारच. थोडक्यात, कागदावर निकाल दोन्ही बाजूंनी लागू शकतो. मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

मोजायचं म्हणजे पगारवाढीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवायचे, असं वाटेल. ते पुरत नाही. त्याच काळात मंदी आली असेल, तर दोष कायद्याच्या माथी बसतो. म्हणून तुलनेला असा शेजारी लागतो, जिथे बाकी हवा तीच पण कायदा नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने 1 एप्रिल 1992 रोजी तासाचं किमान वेतन 4.25 वरून 5.05 डॉलर केलं, तर शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते 4.25 वरच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची मिळून 410 फास्ट फूड हॉटेलं आधी आणि नंतर तपासली. न्यू जर्सीत दर हॉटेलामागे पूर्णवेळ कामगारांची (दोन अर्धवेळ म्हणजे एक पूर्णवेळ धरून) सरासरी 20.44 वरून 21.03 झाली, पेनसिल्व्हेनियात 23.33 वरून 21.17. एकीकडे किंचित वाढ, दुसरीकडे घट, आणि दोन्ही बदलांतलं अंतर जवळजवळ पावणेतीन कामगारांचं. यावर वर्षानुवर्षं वाद झाले, आकडे पुन्हा पुन्हा तपासले गेले. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं, क्रूगर त्याआधीच, 2019 मध्ये, गेले होते.

शहराच्या बाबतीत हा शेजारी शोधणं फार अवघड जातं. वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटल शहराने 2014 मध्ये टप्प्याटप्प्याने तासाला 15 डॉलर किमान वेतनाकडे जायचा कायदा केला. मोठ्या मालकांसाठी एप्रिल 2015 मध्ये 11 डॉलर, जानेवारी 2016 मध्ये 13. मग जून 2017 मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन अहवाल आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांचा गट म्हणाला, हॉटेल व्यवसायात पगार वाढले, नोकऱ्या घटलेल्या दिसत नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठाचा गट म्हणाला, कमी पगाराच्या कामांचे तास सुमारे 9 टक्के घटले, ताशी पगार मात्र 3 टक्केच वाढला, आणि अशा कामगाराचं महिन्याला सरासरी 125 डॉलरचं नुकसान झालं. दोन्ही बाजूंनी आपापला अहवाल उचलला आणि "विज्ञानाने सिद्ध केलं" म्हणत नाचवला. बंद पडलेल्या एखाद्या हॉटेलचा फोटो टाकणाऱ्यांनी तर तेवढेही कष्ट घेतले नाहीत. हॉटेलं कायदा नसतानाही बंद पडतात.

खरी मेख मोजण्याच्या रेषेत आहे. दुसऱ्या गटाने 'कमी पगाराचं काम' म्हणजे तासाला 19 डॉलरपेक्षा कमी, अशी रेषा आखली होती. पण त्या वर्षांत सिएटलमध्ये तंत्रज्ञान कंपन्यांमुळे प्रचंड तेजी होती. 18 डॉलर मिळवणारी बाई तेजीमुळे 20 वर गेली, की तिचे सगळे तास रेषेखालच्या खात्यातून गायब होतात. तिची तर बढती झालेली असते, पण तक्त्यात ते काम बुडाल्यासारखं दिसतं. हे टाळायला संशोधकांनी राज्यातल्या इतर भागांचे तुकडे ठरावीक प्रमाणात मिसळून एक 'कृत्रिम सिएटल' तयार केलं होतं. त्या मिश्रणात सिएटलइतकी तेजी होती का, यावर सगळा निकाल टांगलेला आहे. शिवाय अनेक शाखा असलेले मालक या गटाच्या नोंदीत नव्हते, आणि मोठी साखळी हॉटेलं नेमकी अशाच मालकांत येतात.

यावर 2019 मध्ये आलेला एक उपाय मला फार आवडतो. चार संशोधकांनी 1979 ते 2016 या काळातले किमान वेतनातले राज्य पातळीवरचे 138 बदल घेतले. नव्या किमान दराखालच्या किती नोकऱ्या नाहीशा झाल्या आणि त्या दरावर किंवा जरा वर किती नव्या दिसल्या, एवढंच त्यांनी मोजलं. दोन्ही आकडे जवळपास सारखे निघाले. नोकऱ्या बुडाल्या नव्हत्या, वर सरकल्या होत्या. मात्र हे बदल बहुतांशी मध्यम होते. शहराचा किमान दर तिथल्या मधल्या पगाराच्या (निम्म्या कामगारांना ज्याहून कमी मिळतं) अगदी जवळ नेला तर काय होईल, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने पुढे 2018 मध्ये एकेका कामगाराचा माग काढला, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. आधीपासून कामावर असलेल्या अनुभवी लोकांची कमाई वाढली होती. कमी पगाराच्या कामांत नव्याने शिरणाऱ्यांची संख्या मात्र घटली होती. माझ्या मते चर्चा इथून सुरू व्हायला हवी: वाढ कोणाच्या हाती पडली आणि दार कोणासाठी अरुंद झालं?

हे कळलं, कारण वॉशिंग्टन राज्यात मालकांना पगाराबरोबर कामाचे तासही सरकारला कळवावे लागतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत फक्त पगाराची रक्कम कळते. तास कमी झाले की दर कमी झाला, हे त्यावरून ओळखताच येत नाही. ज्या शहराला किमान वेतन वाढवायचं आहे, त्याने तासांची नोंद वाढीच्या निदान वर्षभर आधी सुरू करावी.