बटाटे सोलायला आठवण लागत नाही

नेदरलँड्समधल्या वेस्प या गावात होगेवाइक नावाची वसाहत आहे. चौक, बाग, किराणा दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह सगळं तिथे आहे आणि राहणाऱ्या प्रत्येकाला गंभीर स्वरूपाचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. पूर्वी इथे चारचौघांसारखंच शुश्रूषागृह होतं. तिथे काम करणाऱ्या इव्होन फान आमेरोंगेन यांना वडील अचानक गेल्याचं कळलं, तेव्हा आधी मनात आलं ते हे, की बरं झालं, त्यांना शुश्रूषागृहात राहावं लागलं नाही! मग आपण इथे नेमकं चालवतोय तरी काय? या प्रश्नातून २००९ साली आजची वसाहत उभी राहिली.

डिमेन्शियाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. त्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला लवकर इजा होते. नव्या आठवणी साठवायला तोच लागतो, म्हणून सकाळचा चहा झाला की नाही, हे दुपारी सांगता येत नाही. पण अंगवळणी पडलेली कामं मेंदूच्या दुसऱ्या भागांवर चालतात आणि बराच काळ शाबूत राहतात. पंचाहत्तरीच्या बाईंना नातवाचं नाव सापडत नाही, पण हातात बटाटा आणि सुरी दिली की साल एकसारखी पातळ उतरते. नेहमीच्या शुश्रूषागृहात जेवण ताटातच येतं, सुरी तर कोणी हातीच देत नाही. उरलेलं कसबही मग बसून बसून जातं.

होगेवाइकमध्ये सहा-सात जणांचं एकेक घर आहे. स्वयंपाक घरातच होतो, सामान आणायला मदतनीसांबरोबर रहिवासीही दुकानात जातात. ज्याला काही करायचं नाही, तो फोडणीपाशी बसून राहिला तरी चालतं. वासानेच भूक लागते. दारं अंगणात उघडतात, बाहेर जायचं फाटक मात्र एकच आणि तिथे माणूस असतो.

हे सगळं नाटक आहे, अशी टीका होते. मला ती अर्धीच पटते. ‘घरी जायचंय’ म्हणून बाहेर पडलेले रुग्ण तिथेच बसून राहावेत, यासाठी जर्मनीतल्या काही वृद्धाश्रमांबाहेर कधीच बस न येणारे बसथांबे उभारले, ते खरं नाटक. इथल्या दुकानातलं दूध घरी येतं आणि संपतं.

आजार याने बरा होत नाही, आणि इतकी माणसं कामाला ठेवणं स्वस्तही नाही. फ्रान्समधल्या दाक्स इथे २०२० साली याच धर्तीवर सुमारे १२० जणांचं गाव सुरू झालं. तिथे संशोधक रहिवाशांबरोबरच त्यांचे नातेवाईक, कर्मचारी आणि आसपासच्या लोकांच्या मनातली या आजाराची भीती यांचाही अभ्यास करत आहेत.