चावीला मुंग्या येतात तेव्हा

मंगळवार पेठेत मावशीच्या न्हाणीतल्या नळाच्या चावीला ओला हात लावला की हाताला मुंग्या यायच्या. शेजाऱ्यांनी उपाय सांगितला, "अर्थिंगची वायर नळाला बांधा, झालं." अर्थिंग म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी जोडणी. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप लांबवर जमिनीतून जायचा तेव्हा ते काही प्रमाणात चालायचं. आता बाहेरून येणारा पाइप प्लॅस्टिकचा असतो. त्यातल्या मीटरभर पाण्याचा रोध, म्हणजे वीज अडवण्याची ताकद, लाखभर ओहम भरतो. असा नळ म्हणजे वर न बांधलेला दोर. तो धरून विहिरीत कोण उतरेल?

शॉक दोन ठिकाणच्या व्होल्टेजमधल्या फरकाने लागतो. तारेवरच्या कावळ्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात, म्हणून तो निवांत बसतो. आता गिझरमध्ये फेज, म्हणजे वीज आणणारी तार, बॉडीला टेकली असं समजा. घराच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा २ ओहम धरू. करंट दोन्हींतून जातो, म्हणून २३० व्होल्ट भागिले १२ ओहम, म्हणजे करंट सुमारे १९ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, एवढ्यावर बराच वेळ पडत नाही. तोवर १९ गुणिले १०, म्हणजे गिझरच्या बॉडीवर सुमारे १९० व्होल्ट उभे! उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंगचा रोध आणखी वाढतो. नुसत्या अर्थिंगवर विसंबणाऱ्यांना हा हिशेब मी नेहमी करून दाखवतो.

इथे बाँडिंगची गंमत आहे. गिझरची बॉडी, धातूचे पाइप, फरशीखालची लोखंडी जाळी हे सगळं जाड तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडायचं. मग बिघाडात सगळ्यांचं व्होल्टेज एकदमच चढतं. हात चावीवर, पाय फरशीवर, आणि दोन्हींतला फरक जवळजवळ शून्य. माणूस कावळ्यासारखा सुरक्षित. जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. जाणारा आणि परतणारा करंट तो सतत ताडून पाहतो आणि तफावत दिसताच क्षणार्धात वीज तोडतो.

पायाळू माणसाला वीज ओढते, असं अजूनही बोललं जातं. वीज जन्माची तऱ्हा पाहत नाही. तिला वाट आणि फरक एवढंच कळतं.

मावशीच्या गिझरच्या एलिमेंटला बारीक चीर गेली होती. आणि प्लग सॉकेटात बसत नाही म्हणून त्याची अर्थची जाड पिन कुणीतरी कापून टाकलेली निघाली.