किती खोल, हे आधी विचारा

पाषाण तलावातलं चमचाभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की झटके देत पळणारा, एकाच डोळ्याचा जीव बहुधा सापडतो. हा सायक्लॉप्स. जुन्या माणसांना तो नारू या जंताच्या रोगामुळे ठाऊक! पायविहिरीच्या पाण्यातून नारूची अळी पोटात नेणारा तो हाच. म्हणून पाणी फडक्याने गाळून प्यायचं.

त्याचा चुलतभाऊ कॅलॅनस फिनमार्किकस नॉर्वेजवळच्या समुद्रात असतो. तांदळाच्या कणीएवढा, दोन ते चार मिलिमीटरचा. वसंतात ऊन वाढलं की पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती माजतात आणि कॅलॅनसची पिल्लं त्यांवर ताव मारतात. प्रौढ व्हायला शेवटची एकच कात टाकायची उरली, की बहुतेक जण थांबतात. तोवर पारदर्शक अंगात तेलाची लांबट पिशवी चकाकू लागलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर कुरडया-पापड वाळतात, तशीच ही बेगमी. मग स्वारी पाचशे मीटरहून खोल, गारठ्यात उतरते आणि हिवाळा संपेपर्यंत जवळजवळ काही न खाता पडून राहते.

म्हणून या समुद्रात कॅलॅनस कुठे किती आहेत, याचा उन्हाळी नकाशा काढणं भलतं अवघड. ऑगस्टमध्ये नुसतं वरचं पाणी गाळलं तर वाटेल, प्राणी संपले. ते असतात, पण खाली. त्यासाठी ठरावीक खोलीवर उघडणारी आणि मिटणारी जाळी सोडतात. त्यांची भोकं पाव मिलिमीटरहूनही बारीक. शेवटी गाळण्याचंच काम, आजीच्या फडक्यासारखं!

त्यात उन्हाळा सगळीकडे एकदम येत नाही. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरेन्ट्स समुद्राच्या दक्षिण भागात अटलांटिकचं कोमट पाणी शिरतं. तिथे फिनमार्किकसची वस्ती. उत्तरेच्या थंड पाण्यात त्याचा थोरला भाऊ ग्लेशियालिस. तिकडे बर्फ जसजसा मागे सरकतो तसतसा वनस्पतींचा बहर येतो, त्यामुळे एकाच जुलैत दक्षिणेचे खाली निघालेले असतात आणि बर्फाच्या कडेचे अजून पंगतीला बसलेले.

हा फरक लिटल ऑक पक्ष्याला नेमका कळतो. उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर दगडांच्या फटींत पिल्लं वाढवणारा हा मूठभर पक्षी गळ्याच्या पिशवीत कॅलॅनस भरून आणतो. त्याला हवा असतो ग्लेशियालिस, कारण एकेका दाण्यात तेल कितीतरी जास्त. कोमट पाणी उत्तरेकडे सरकलं, फिनमार्किकस वाढला, की तेवढंच तेल पिल्लाच्या पोटात जायला कित्येक दाणे जास्त टिपावे लागतात.