ब्लॉकिंग बफर आणि ब्लॉकिंग पेप्टाइड: कोण काय अडवतं?

पुण्यात गणेशखिंड ते पाषाण या पट्ट्यातल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: "मेंब्रेन तर दुधात ब्लॉक केलंय, मग आता हे ब्लॉकिंग पेप्टाइड कशाला?" प्रश्न रास्त आहे. तो वेस्टर्न ब्लॉटचा: नमुन्यातली प्रोटीनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून मेंब्रेन नावाच्या कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवायची आणि हवं ते प्रोटीन त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने शोधायचं. ती जिथे चिकटते तिथे बँड, म्हणजे गडद रेघ, दिसते. नावं सारखी आहेत, पण बफर मेंब्रेनसाठी असतो आणि पेप्टाइड अँटिबॉडीसाठी.

बफरचं काम सोपं. नायट्रोसेल्युलोज किंवा पीव्हीडीएफ मेंब्रेनला कुठलंही प्रोटीन चिकटतं आणि अँटिबॉडी हेही प्रोटीनच. म्हणून आधीच टीबीएसटीमध्ये (डिटर्जंट मिसळलेला खारट बफर) 5 टक्के स्किम्ड मिल्क पावडर किंवा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घालून मेंब्रेन तासभर रॉकरवर ठेवायचं. रिकाम्या जागा भरल्या की ब्लॉट काळवंडत नाही. दुधातलं केसीन फॉस्फेटयुक्त असल्यामुळे फॉस्फो-अँटिबॉडीसाठी (प्रोटीनवर फॉस्फेट लागलेली जागा ओळखणारी) बीएसए बरं. आणि पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये दुधाचा बफर टेबलावर ठेवून जेवायला जाऊ नका, तो नासतो.

पेप्टाइडची गोष्ट वेगळी. बऱ्याच अँटिबॉडी प्रोटीनच्या एका छोट्या तुकड्याविरुद्ध, साधारण 10 ते 20 अमिनो आम्लांच्या, तयार केलेल्या असतात. तोच क्रम कृत्रिमरीत्या बनवला की झालं ब्लॉकिंग पेप्टाइड. ते मेंब्रेनवर ओतायचं नसतं. अँटिबॉडीत आधी मिसळायचं असतं. मग अँटिबॉडीची पकडच भरून जाते आणि ब्लॉटवरच्या प्रोटीनसाठी ती मोकळी राहत नाही.

दोन ट्यूब घ्या. दोन्हींत 1 मायक्रोग्रॅम अँटिबॉडी. एकीत 5 मायक्रोग्रॅम पेप्टाइड, दुसरीत तेवढाच नुसता बफर. दोन्ही अर्धा तास बाहेर, खोलीच्या तापमानाला, किंवा रात्रभर 4 अंशांना ठेवा आणि मग एकाच जेलवरून उतरवलेल्या मेंब्रेनच्या दोन सारख्या पट्ट्यांवर सारख्याच डायल्युशनने लावा. ब्लॉटचं चित्र घेताना एक्स्पोजरही सारखंच. पाचपट हे प्रमाण मुलांना कमी वाटतं, पण ते वजनाचं आहे. अँटिबॉडी सुमारे 150 किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं एकक), 15 अमिनो आम्लांचं पेप्टाइड दीडेक किलोडाल्टनचं. म्हणजे रेणूंच्या हिशेबात पेप्टाइड 400-500 पट होतं, आणि अँटिबॉडीला पकडी फक्त दोन. पेप्टाइड नसलेली ट्यूब मात्र कधीही गाळू नका. ती नसेल तर बँड पेप्टाइडमुळे गेला की अँटिबॉडीच कमजोर होती, हे कसं कळणार?

आता खरी गोम. पेप्टाइड घातल्यावर बँड गेला, म्हणजे अँटिबॉडी अचूक ठरली, असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही. अँटिबॉडी आपल्या पकडीनेच चिकटली होती, इतकंच त्यातून कळतं. मिळत्याजुळत्या क्रमाचं भलतंच प्रोटीन ती त्याच पकडीने धरत असेल, तर तो चुकीचा बँडही तितक्याच गुमान नाहीसा होतो. उलट, पेप्टाइड असूनही टिकून राहिलेला बँड नक्कीच संशयास्पद. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यगटाने अँटिबॉडी पडताळणीचे पाच मार्ग सुचवले, त्यांत जनुक बंद करून पाहणं आहे, वेगळ्या जागी चिकटणारी दुसरी अँटिबॉडी वापरणं आहे. पेप्टाइडने अडवणं नाही. माझ्या मते नॉकआउट पेशी, म्हणजे ते जनुक बंद केलेल्या पेशी, मिळत असतील तर पेप्टाइडवर पैसे घालण्याआधी त्या मिळवाव्यात.

फॉस्फो-अँटिबॉडीच्या बाबतीत मात्र पेप्टाइडला मोल आहे. फॉस्फेट असलेलं आणि नसलेलं, अशी एकाच क्रमाची दोन पेप्टाइडं लावा. पहिल्याने बँड गेला आणि दुसऱ्याने तसाच राहिला, तर अँटिबॉडीला फॉस्फेट लागतं हे पक्कं.

ऑर्डर देण्याआधी डेटाशीटमधला इम्युनोजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्याच्याविरुद्ध बनवली ते प्रोटीन किंवा तुकडा, बघा. अख्ख्या प्रोटीनविरुद्ध बनवलेली मोनोक्लोनल (एकाच ठरावीक जागेला चिकटणारी) अँटिबॉडी असेल आणि तिची पकड घडी घातलेल्या आकारावर बसत असेल, तर छोट्या सरळ पेप्टाइडने ती अडतच नाही.