एकटं चर्च आणि प्लेगची गोष्ट

समज असा: इंग्लंडच्या ग्रामीण भागात पायी फिरताना शेतात एकटंच चर्च दिसलं, तर 1348-49 च्या प्लेगने तिथलं गाव संपवलं असं समजावं.

असं वाटणं साहजिक आहे. त्या साथीत देशातले एक तृतीयांश ते निम्मे लोक गेले. पण बहुतेक गावं त्यातून सावरली, निदान तग धरून राहिली. यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी बघा. प्लेगनंतरही तिथे दीडेकशे वर्षं वस्ती होती. शेवटची कुटुंबं 1500 च्या सुमारास जमीनदाराने हुसकावली, कारण लोकरीत पैसा होता आणि मेंढ्यांना कुरण हवं होतं. प्लेगचा हात होता तो असा आडून: माणसं कमी झाली, मजुरी वाढली, नांगरटीपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या.

काही ठिकाणी कारण निव्वळ हौस. डॉर्सेटमध्ये 18 व्या शतकात एका धनिकाला वाड्यासमोर गाव नको होतं, म्हणून त्याने ते पाडून थोड्या अंतरावर मिल्टन अ‍ॅबस वसवलं. (आज पर्यटक तीच एकसारखी घरं बघायला जातात!)

पडताळायचं कसं? 1377 च्या डोईपट्टीच्या नोंदी पाहाव्यात. गावाने तेव्हा कर भरला असेल, तर पहिल्या साथीने ते संपलं नव्हतं. चर्चभोवतीचं गवतही बघावं. हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात घरांचे उंचवटे आणि खोलगट जुने रस्ते उठून दिसतात. उंचवटे मुळीच नसतील, तर तिथे दाट वस्ती कधी नव्हतीच, चर्च विखुरलेल्या छोट्या वस्त्यांसाठी मध्यावर बांधलं होतं, ही शक्यताही तपासावी.