साग लागवड : जमीन व खत (पुणे जिल्हा)

साग (टेक्टोना ग्रँडिस, कुल लॅमिएसी, पूर्वी व्हर्बिनेसी) लावताना खताच्या मात्रेपेक्षा जमिनीचा निचरा आणि खोली निर्णायक ठरते. पुणे जिल्ह्यातील माती बहुतांशी बेसाल्टपासून झालेली आहे; तरीही मावळ-मुळशीच्या अतिपावसाच्या पट्ट्यातील तांबूस, आम्लधर्मी जमीन आणि बारामती-इंदापूरकडची चुनखडीयुक्त काळी जमीन यांना एकच शिफारस लागू पडत नाही.

सागाला चुना कितपत लागतो याविषयी एकमत नाही. त्याच्या सालीत कॅल्शियम भरपूर असते, लाकडाच्या फटींतही त्याचे पांढुरके साठे आढळतात. त्यामुळे तो चुनाप्रिय वृक्ष मानला जात आला आहे. दुसऱ्या मतानुसार चुन्याचा प्रभाव बराचसा अप्रत्यक्ष असून तो मातीची जडणघडण व निचरा सुधारण्यातून दिसतो. कॅल्शियम मुबलक असूनही भारी काळ्या जमिनीत साग खुरटतो, हे दुसऱ्या मताला अधिक धरून आहे. अशी माती पावसाळ्यात फुगून मुळांची हवा कोंडते, उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळे तोडते. सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचे माप) 8 च्या पुढे गेल्यास लोह मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात (केवडा). हा केवडा युरियाने जात नाही. याउलट कुजक्या मुरमावर पुरेशी माती असल्यास मुळे खोल उतरतात. खाली सलग कातळ लागला की वाढ अडते. जागा ठरवण्यापूर्वी मीटरभर खोल खड्डा घेऊन पावसाळ्यात पाहावा. त्यात पाणी दोन-दोन दिवस साचत असेल, तर तेथे साग लावू नये.

लागवडीस अंगठ्याएवढी जाड जडी (रोपाचा मूळ व खोड छाटून ठेवलेला तुकडा) घेतात : मूळ 15 ते 20 सेंमी., खोड 2 ते 3 सेंमी. पहिल्या दमदार पावसानंतर पहारीने भोक पाडून ती बसवतात व माती पायाने दाबतात. बुडाशी पोकळी राहिली, की पाणी साचून जडी कुजते.

तांबड्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात. म्हणून सुपर फॉस्फेट शेणखतात कालवून मुळांजवळ देणे बरे, फेकून दिलेले वाया जाते. पहिल्या वर्षी रोपामागे सुमारे 50 ग्रॅम 15:15:15 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले मिश्रखत) दोन हप्त्यांत, ओल असताना, खोडापासून वीतभर अंतरावर गोल चर काढून देतात. आधी मीटरभर आळे भांगलून घ्यावे, नाहीतर खत गवतच खाते आणि उन्हाळ्यात तेच वणव्याला सरपण होते. खताचा परिणाम पहिल्या दोन-तीन वर्षांत ठळक असतो. पुढे विरळणीचा (दाटीतील काही झाडे तोडून काढण्याचा) प्रभाव मोठा. विरळणीतील झाडांची साल रानातच सोलून टाकावी, म्हणजे तिच्यातील कॅल्शियम जमिनीत परत जाते.